तीन खिळे, एक सिलिंडर

तुम्ही दोघं वरची खोली भाड्याने द्यायचं म्हणताय ना, मग बसा जरा. दिवा राहू दे तसाच. माझ्या चुलतभावाची गोष्ट आहे, घडलेली. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो.

दादाची तीन घरं भाड्याने दिलेली. प्रत्येक घराच्या जिन्यात आग विझवायचा लाल सिलिंडर हवा, असा नियम. दादाकडे सिलिंडर एकच. तपासनीस ज्या घरी येणार, तिथे आदल्या रात्री तो नेऊन टांगायचा. खिळे मात्र तिन्ही घरांत पक्के होते. ते मी ठोकले होते. दादाच्या डोक्याचं कौतुक करत, हसत हसत ठोकले.

मग मधल्या घराला आग लागली. वर शिलाईकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहायच्या. आठच दिवसांपूर्वी तपासणीला त्यांनी सिलिंडर तिथे पाहिलेला. धूर कोंडल्यावर त्या चाचपडत तोच घ्यायला आल्या. सापडल्या त्या खिळ्याखालीच. भिंतीवर वरपर्यंत हाताच्या काळ्या खुणा होत्या. वायरिंग जुनं होतं, असं आम्ही चारचौघांत सांगत सुटलो. मीसुद्धा. रिकाम्या खिळ्याचं कोणी विचारलं नाही, आणि आम्ही तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सांगतानाही मान वर होत नाही माझी.

वर्षभराने ते घर दुरुस्त झालं, रंग लागला. नवं बिऱ्हाड ठरलं, नवरा-बायको आणि चार महिन्यांचं बाळ. बुधवारी तपासणी. मंगळवारी, फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, रात्री पावणेदहाला दादा सिलिंडर खांद्यावर टाकून निघाला. तो त्याने तिसऱ्या घरातून काढून आणला होता. तिथे माणसं झोपलेली होती, हेही सांगून टाकतो.

जिना चढला. सिलिंडर टांगला. खाली वळणार, तोच वरच्या खोलीत शिलाई मशीन सुरू झालं.

घर रिकामं होतं...

मशीन थांबलं. दार उघडलं. अनवाणी पावलं, एकेक करत, जवळ आली. दादाला हलता येईना.

"आणलात होय?"

आवाज मावशींचा. रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"उद्या परत नेणार?"

एक पाऊल आणखी जवळ आलं.

"इथे तान्हं बाळ येणार आहे हो."

अकराला दादा माझ्या दारात उभा. पायात एकच चप्पल. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी काय धीर देणार? खिळे माझेच होते.

सकाळी आम्ही दोघंही गेलो. तपासनीस दारात भेटला, तिथेच दादाने त्याला सगळं सांगितलं. एक सिलिंडर, तीन घरं, मावशी. शेजारी ऐकत होते. मग मी खिळ्यांचं सांगितलं. तपासनीस आमच्याकडे नुसतं बघत राहिला, आणि ते बघणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग आम्ही वर चढलो.

सिलिंडर खिळ्यावरच होता. पिन जागेवर. सील शाबूत, म्हणजे कोणी दाबलेला नव्हता. तरी दाबाचा काटा शून्यावर. आतली पांढरी पावडर सगळ्या जिन्यात पिठासारखी सांडली होती, आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती. मावशींच्या दारापासून खिळ्यापर्यंत.

परत जाणारं एकही नव्हतं.