लाल पेनाने खोडलेलं वाक्य

कार्डांच्या कपाटाचा एकच खण दोघांनी एकदम ओढला. तो सगळाच्या सगळा बाहेर आला आणि दोघांच्या पायांवर आदळला.

"अहो, डोळे कुठे ठेवलेत?" ती अंगठा धरून म्हणाली.

"खणावर. तुमचे?"

"माझेही…" आणि ती हसत सुटली.

शब्दकोशाच्या कचेरीतली ती तिची पहिली सकाळ. इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ देणारा कोश तिथे तयार होत होता. प्रत्येक अर्थासाठी एका कार्डावर एक वाक्य तिने लिहायचं, समोर बसून मोठ्याने वाचायचं आणि त्याने तपासायचं. वाक्य छोटं, सरळ हवं. जर-तर चालत नसे. तो इतकं खोडायचा की सगळे त्याला लालपेन म्हणत.

पाचव्या महिन्यात 'स्टिल' आला.

"एवढासा शब्द, पण तीन कार्डं खातोय मेला," ती म्हणाली. "एक, अजून. दिवा अजून चालू आहे."

"पास."

"दोन, तरीही. माणूस खडूस आहे, तरीही मला आवडतो."

"हे… कोणाबद्दल?"

"कोशातल्या माणसांची चौकशी करायची नसते."

त्याचे कान तापले. "पास. तिसरं?"

"आणखी. काल बरा दिसत होता, आज आणखी बरा दिसतोय."

"हे मात्र धादांत खोटं आहे."

"वाक्य खरं असावं असा नियम आहे का?"

तो कार्डात डोकं घालून म्हणाला, "'येट'लाही आपण अजूनच म्हणतो. फरक दाखवावा लागेल. चालू असलेल्या गोष्टीला स्टिल, न झालेल्या गोष्टीला येट."

"म्हणजे 'ती अजून थांबली आहे' इथे स्टिल," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "आणि 'तो अजून काही बोलला नाही' इथे येट. बरोबर ना?"

तो काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. तिथल्या कोशाचं काम, दोन वर्षांचं. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं. गुरुवारी तिने एक जादा कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. या वेळी वाचून दाखवलं नाही.

'कोणी थांब म्हणालं, तर ती अजूनही थांबेल.'

त्याने दोनदा वाचलं. मग रोज करायचा तेच त्याने केलं. वाक्यावर लाल रेघ ओढली, बाजूला लिहिलं, 'जर-तर नको', आणि कार्ड तिच्या टेबलावर ठेवून आला.

तिने ते बराच वेळ हातात धरलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली. शुक्रवारी तिने होकार कळवला.

रविवारी सकाळी तो तिच्या घरी गेला. दारात तिची वहिनी पुस्तकांची खोकी सुतळीने बांधत बसली होती.

"वन्सं, तुमचे लालपेन आलेत!" तिने आत हाक मारली. "आता खोडायला काय उरलंय, विचारा."

ती बाहेर आली.

"थांबा," तो म्हणाला. "जाऊ नका."

"हे गुरुवारी म्हणायचं होतं. कळलं नव्हतं का?"

नव्हतं म्हणाला असता तर सुटला असता. पण तिच्यासमोर ते जमेना.

"कळलं होतं. धीर झाला नाही. पेन हातात होतं… चालवलं."

वहिनीने सुतळी खाली ठेवली आणि गुपचूप आत गेली.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "आता मोडणार नाही."

"मग मी वाट बघतो. दोन वर्षं."

"बघा नाहीतर नका बघू. मी सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं."

मग त्याने एकेक खोकं उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं.

त्याने वाट बघितली, आणि दोन वर्षांनी ती आली. दोघांचं लग्न झालं. भांडणं झाली, पण फार काळ टिकली नाहीत. एकोणीस वर्षांनी तिला मोठं दुखणं जडलं आणि चार महिन्यांत ती गेली.

भेटायला येणारे त्याची समजूत घालत. "एकोणीस वर्षं सुखाचा संसार झाला तुमचा. कमी का आहे?"

तो मान हलवायचा, त्यांना पाणी द्यायचा. एकवीस झाली असती, हे तो कोणालाच सांगत नसे.