पुढच्या चाकांवरचं वजन

धम्मप्रिया गाडीत बसणार, तेवढ्यात एक मोटारसायकल आली आणि तिच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर धपकन आदळली.

"सॉरी... सॉरी हां. पाय घसरला," मोटारसायकलवरचा तरुण म्हणाला. केसांत भुरभुरत्या पावसाचे थेंब, नजर मात्र गोंधळलेली.

अहमदपूरला मामाच्या दारात हे घडलं. सुमनमामी हसतच बाहेर आल्या. "अगं, हा अश्वजित. शेजारच्या ताईंचा भाचा. चाकूरला शाळेत इतिहास शिकवतो."

चाकाच्या टोपीवर बारीकसा ओरखडा होता. "काही बिघडलं असलं तर फोन करा," म्हणत त्याने नंबर दिला आणि मान खाली घालून चाकूरकडे निघून गेला.

"मागं थोडं ठेवलंय गं बाळा, आईला दे," मामी म्हणाल्या.

"हो," धम्मप्रिया म्हणाली. तिने मागे पाहिलंच नाही. ती त्या ओरखड्याकडे बघत होती... निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं.

लातूरच्या रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंग परकं वाटू लागलं. सकाळी येताना त्याला एक छान जडपणा होता, रस्ता तळहाताला कळत होता. आता ते पोकळ झालं होतं. ट्रकला ओलांडताना गाडी किंचित तरंगली, तेव्हा तिने वेग कमी केला. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होती. निष्कर्ष लगेच तयार झाला – धडक, चाक, वाकलेला दांडा. चाकूरला गफूरचाचांच्या चहाच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून तिने फोन लावला.

अश्वजित लगेच आला. हॉटेलच्या बाकांवर माणसं होती, पण रागात तिला त्यांचं भान राहिलं नाही.

"चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा वाकलाय. तुमच्या धडकेनं. ट्रकखाली गेले असते मी! मुलांना शिकवता ना तुम्ही? रस्त्यावर बघून चालवायला कोण शिकवणार?"

बाकावरून कुणीतरी खिदळलं. "काय मास्तर, पोरींच्या गाड्यांना धडका द्यायलाव का आता?"

अश्वजितचा चेहरा उतरला. तिथे बसलेल्यांपैकी दोघांची मुलं त्याच्याच वर्गात होती. "चूक माझी हाय," तो हळूच म्हणाला. "थांबा, मिस्त्रीला घेऊन येतो."

तो गेला. वाट बघत बसणं तिला जमेना. तिने हॉटेलशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी सावकाश चालवली आणि क्षणभर स्टिअरिंग सोडलं. दांडा वाकला असता तर गाडी एका बाजूला ओढली गेली असती. गाडी सरळ गेली. तिने पुन्हा करून पाहिलं. सरळच...

धडक एका चाकाला बसली होती. पण हलकेपणा दोन्ही चाकांत होता.

ती उतरली, चार पावलं मागे गेली आणि पहिल्यांदाच पूर्ण गाडी पाहिली. नाक वर, मागचा भाग टेकलेला. तिने डिकी उघडली. ज्वारीचे दोन कट्टे. लाल भोपळा. आणि त्याखाली, आईने कधीचा मागितलेला दगडी पाटा-वरवंटा.

भाचीची गाडी मामा रिकामी पाठवत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे पुढची चाकं उचललेली. साधी तरफ! तिचे कान तापले. आधी तपासायचं, मग ठरवायचं, एवढंच तर शिकली होती ती. आणि तिने आधी माणूस ठरवला होता.

डिकी बंद करून 'ठीक झालं' म्हणता आलं असतं. अश्वजितने उलट आभारच मानले असते. पण तो इथे रोज चहा प्यायचा, आणि या बाकांवर तो कायम पोरींच्या गाड्यांना धडकणारा मास्तर राहिला असता.

"मिस्त्री जेवून येतोय..." तो परतला होता, घामाघूम.

"नका बोलावू." ती मुद्दाम बाकांकडे वळली. "ऐका... यांची चूक नाही. मामानं डिकीत कट्टे भरले म्हणून पुढचं वजन कमी झालं. मी बघितलंच नाही, आणि यांना सगळ्यांसमोर बोलले. चुकले मी."

गफूरचाचांनी स्टोव्ह बारीक केला.

"म्हणजे मास्तर बाइज्जत बरी! निर्दोष सुटले!" ते म्हणाले. "चहा पाज बेटी त्याला. लई तोंड सुकलंय."

चहानंतर दोघांनी मिळून कट्टे आणि पाटा मागच्या सीटपुढच्या जागेत उतरवले. तिची मान वर होईना.

"इतिहासात आरोपी आधी ठरतो, पुरावे मागून येतात," अश्वजित म्हणाला. "मला वाटलं, विज्ञानात उलटं असंल."

"टोमणा मारा... चालेल."

"टोमणा न्हाई. एक सांगू? पाय घसरला नव्हता माझा." तो भोपळ्याकडे बघत होता. "तुमच्याकडं बघत होतो."

"मग मगाशी का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत? तुमच्याएवढी हिंमत न्हाई माझ्यात."

आता तिने वर पाहिलं. त्याचेही कान लाल होते.

"अजून पुढं वजन कमी पडंल का?" त्याने विचारलं. "लातूरपर्यंत मी बसू शकतो पुढं... येताना एसटीनं येईन."

वजन आता पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध होतं. गाडीला आणखी काही लागणार नव्हतं. उत्तर स्वच्छ होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"पडेल," ती म्हणाली, आणि पलीकडचं दार उघडून दिलं.