बटणांच्या डब्यातला अर्धा पंख

डबा आधी मी धरला होता. हे मी आजही शपथेवर सांगेन. नेव्हिल म्हणतो, दोघांनी एकदमच धरला... पण त्याचा चष्मा पावसाने धुरकटलेला होता, तेव्हा त्याची साक्ष मी मोजत नाही.

मार्चमधला शनिवार होता. इंग्लंडातल्या आमच्या हॉर्नकॅसल गावी, चॅपल हॉलमध्ये लोकांच्या घरातल्या नकोशा वस्तूंचा बाजार भरला होता आणि बाहेर सकाळपासून भुरभुर लागली होती. मी बटणांसाठी गेले होते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या, सुटलेल्या पोटांसाठी कंबरा सैल करायच्या. अठरा वर्षं हेच. नवरा नावाचा माणूस नऊ वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या कामाला म्हणून दुसऱ्या गावी गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून मी दमलेलीच होते, आणि आता तर दमलेय हे सांगायचाही कंटाळा यायला लागला होता.

तर जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बटणं होती. माझा हात डब्यावर, आणि पलीकडून आणखी एक हात.

"तुम्हाला बटणंच हवीत ना?" त्या हाताच्या मालकाने विचारलं.

"मला डबा हवाय."

"त्यात तळाशी एक कापडी बिल्ला दिसतोय. तेवढा मला द्या. बटणं सगळी तुमची."

"बटणं माझीच आहेत. डबा माझ्या हातात आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. पोस्टमनचा कोट, खांदे भिजलेले, आणि उभं राहताना भार कधी या पायावर, कधी त्या पायावर. दमलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. "असं आहे," तो समजुतीने म्हणाला, "मी वीस वर्षं हवाई दलाचे जुने बिल्ले जमवतोय."

"मी पण जमवते."

"हो? कधीपासून?"

"आत्तापासून."

तो हसला. पूर्ण हसायचं त्याच्यात त्राण नव्हतं, पण अर्धं हसू त्याला शोभलं. मी डबा काखेत मारून बाहेर पडले. मला तो बिल्ला नको होता. अंगात खोडी होती एवढंच.

बुधवारी दुपारी आमचं सगळं गाव दुकानं बंद करतं. मी शटर ओढून, बूट काढून बसले होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. तोच. हातात कागदात गुंडाळलेला प्लम ब्रेड, आमच्याकडचा मनुकांचा गोड पाव.

"कलेक्शन बघायला आलोय," तो म्हणाला.

"एकच बिल्ला आहे."

"सगळ्यांची सुरुवात एकानेच होते."

त्याचं नाव नेव्हिल डाऊस. पहाटे चारला उठून पत्रं वाटायचा आणि दुपारपर्यंत त्याच्या पायांचे तुकडे पडलेले असायचे. लग्न केलं नव्हतं. आईचं करता करता राहून गेलं म्हणाला, आणि विषय बदलला. मी चहा ठेवला. त्याने बिल्ला तळहातावर घेतला तो पाळण्यातून मूल उचलावं तसा.

काळ्या कापडावर भरतकाम केलेला एकच पंख, आणि त्याच्या मुळाशी वर्तुळात दोन अक्षरं. पूर्ण पंख, म्हणजे दोन्ही बाजूंचे, ते फक्त वैमानिकाला, असं नेव्हिलने सांगितलं. विमानात बाकी जे कोणी असत त्यांना एकेक. हा युद्धातल्या बाँबफेकी विमानात बंदुकीवर बसणाऱ्याचा.

"म्हणजे माझ्या वाट्याला अर्धाच," मी म्हणाले.

"अर्ध्या पंखवालेच जास्त मेले," तो म्हणाला. मग आम्ही दोघांनी प्लम ब्रेड संपवला.

नंतर त्याने मला नियम शिकवले. धातूचा बिल्ला कधी घासायचा नाही. त्यावरचा काळपटपणा हेच त्याचं वय. कापडी बिल्ल्याला इस्त्री लावायची नाही. विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची, पण पैसे गोष्टीचे द्यायचे नाहीत. आणि बिल्ला कोटावरून उसवून काढलेला असेल, मागे धागे लोंबत असतील, तर ते धागे मेलं तरी कापायचे नाहीत. तीच तर खूण, की तो कुणाच्या तरी अंगावर होता.

"हे जुने आहेत कशावरून?" मी विचारलं. धाग्यांबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

त्याने खिशातून एक लहानसा दिवा काढला. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो, जांभळ्या उजेडाचा. "अंधार लागेल," तो म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

माझ्या दुकानात अंधाराची जागा एकच, कपडे घालून बघायची खोली. तीही खोली कसली, पडदा लावलेला कोपरा. आम्ही दोघं त्यात शिरलो. दिवा लागला आणि त्याच्या शर्टाची कॉलर निळसर पांढरी झळकली.

"साबण," तो कुजबुजला. "आजकालच्या साबणात असतं काहीतरी. आजकालच्या धाग्यात पण."

"कुजबुजता कशाला? इथे कोण ऐकतंय?"

"माहीत नाही... सवय नाही अशा ठिकाणी बोलायची."

माझ्या बाहीवरचे नवे पांढरे टाके चमकत होते. बिल्ल्यामागचे मात्र काळोखातच राहिले. तीन बाजूंना निळा धागा, चौथ्या बाजूला साधा पांढरा; पण त्या पांढऱ्यानेही उजेड घेतला नाही. "खरा आहे," तो म्हणाला, आणि त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागला.

बाहेर आल्यावर मी बिल्ला उलटा करून नीट पाहिला. मग मी त्याला शिकवलं. हे टाके बाईचे आहेत, मी म्हणाले, आणि शिवणारी बाई दमलेली होती. बघा, सुरुवातीला टाके बारीक, मग लांब लांब होत गेलेत. निळा धागा संपला तेव्हा उठून दुसरा आणायचं जिवावर आलं, हाताशी होता त्या पांढऱ्याने चौथी बाजू उरकली. तरी शेवटी गाठ दुहेरी मारलीय. सुटू नये म्हणून.

नेव्हिलने बिल्ला माझ्या हातून घेऊन पुन्हा उजेडात धरला. "वीस वर्षं मी धागे बघतोय," तो म्हणाला, "पण मी फक्त जुने की नवे एवढंच बघत होतो."

त्यानंतर दर बुधवारी तो यायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं कळलं नाही. दिवा तो माझ्याकडेच ठेवून गेला. माझं कलेक्शन ऑगस्टपर्यंत सात बिल्ल्यांचं झालं. त्यात एक चांदीची बारीक पिन होती, पंखांच्या आकाराची. सैनिक आपल्या प्रेयसीला देत तसली. नेव्हिलने ती मला आणून दिली आणि म्हणाला, ही मला दोनदा मिळालीय, एक जास्तीची आहे. त्याच्या कपाटात तसली एकही नव्हती हे मला नंतर कळलं. वरून जवळच्या हवाई तळावरची विमानं घरघरत जायची, गावात कुणी मान वर करत नसे, पण आम्ही दोघं खिडकीशी चहाचे कप धरून उभे राहायचो आणि आमचे खांदे एकमेकांना टेकायचे. तो मला आवडायला लागला होता. यात आडवळणाने सांगण्यासारखं काही नाही.

अडचण एवढीच होती की मी गाव सोडून जाणार होते. फेब्रुवारीतच, तो डबा हाती लागायच्या आधी, मी माझ्या बहिणीला, मॅरियनला हो म्हटलं होतं. ती ब्रिस्टलला राहते. तिच्याकडे एक खोली रिकामी होती आणि ओळखीच्या पडद्यांच्या दुकानात बसून करायचं काम. सप्टेंबरअखेर माझ्या दुकानाचा करार संपत होता. हे नेव्हिलला सांगायचं मी प्रत्येक बुधवारी ठरवायची आणि प्रत्येक बुधवारी चहा करायची.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस. मी ठरवलं, तो अर्धा पंख त्याला द्यायचा. पहिल्या दिवसापासून त्याचाच जीव होता त्यावर. मंगळवारी एका लग्नाच्या अकरा पँटी उरकून मी बिल्ला समोर घेतला, डबीत ठेवायला म्हणून. आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, अठरा वर्षं जे केलं तेच केलं. लोंबणारा धागा दिसला की कापायचा. निळे गेले, पांढरे गेले, दुहेरी गाठ गेली, सगळे नेहमीसारखे टेबलावरच्या धाग्यांच्या बरणीत. मी भानावर आले तेव्हा बिल्ल्याची पाठ लख्ख होती. कपाळाला हात लावून बसले.

तरी दिला. दुसरं द्यायला काही नव्हतं.

नेव्हिल त्या बुधवारी आला तोच गप्प होता. डबी उघडली, बिल्ला उलटा केला आणि पाठीकडे बघत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"हा मला का देतेस?"

"तुलाच हवा होता ना."

"हं." त्याने डबी खिशात घातली. पाय फार दुखतायत म्हणाला, चहा अर्धा टाकला आणि गेला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पत्रं मी दुकान उघडायच्या आत दारातून आत पडलेली असायची. मला वाटलं, संपलं. एक नियम काटेकोरपणे सांगितला होता आणि तोच मी मोडला. माणसाच्या वीस वर्षांच्या जिवाच्या गोष्टीवर मी कात्री चालवली होती.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला. खोकी भरता भरता धाग्यांची बरणी हातात आली. फेकणारच होते. मग दिवा आठवला.

बुधवारी दुपारी पडदा ओढून मी त्या कोपऱ्यात जमिनीवर चादर अंथरली आणि बरणी पालथी केली. निळे जुने धागे डोळ्यांनी ओळखता आले; तसला विटका निळा आता मिळत नाही. पण पांढरे? शेकडो पांढरे तुकडे होते. दिवा लावला. जवळजवळ सगळे झळकायला लागले, जमिनीवर कुणी तांदूळ सांडावेत तसे. मी चमकणारे बाजूला सारत गेले आणि न चमकणारे शोधत गेले. गुडघे गेले, कंबर गेली. शेवटी नऊ मिळाले, आणि त्यातल्या एकाला दुहेरी गाठ होती. ती दिसल्यावर मी तिथेच बसून रडले. दमल्यामुळे असेल... पण नुसतं दमल्यामुळे नव्हतं.

धागे कागदी पुडीत घालून मी नदीकाठच्या त्याच्या घरी गेले. दार उघडं होतं. नेव्हिल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसला होता. मला बघून उठायला गेला आणि निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं.

मी पुडी त्याच्या पुढ्यात धरली. "सगळे आहेत. निळे आणि पांढरे. मी मुद्दाम नाही कापले रे. हातांनी कापले."

त्याने पुडी उघडून पाहिली. त्याला काही समजलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तू यासाठी आलीस? धाग्यांसाठी?"

"तू त्यासाठीच यायचा थांबलास ना?"

"ग्लिनिस," तो म्हणाला, "धागे कापलेत हे मला घरी येऊन दुसऱ्या दिवशी दिसलं."

"पण तू इतका वेळ पाठीकडे बघत होतास..."

"बघत कुठेतरी होतो. तुझ्याकडे बघवत नव्हतं." त्याने पुडी मिटली. "त्या दिवशी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पर्लने सांगितलं, तू ब्रिस्टलला चाललीस म्हणून. आणि तू माझ्या हातात तो बिल्ला ठेवलास. मला वाटलं, जाताना देणी फेडून जातेय. मग दर बुधवारी येऊन काय करायचं? तुला खोकी बांधायला मदत?"

"तुझे पाय इतके दुखतात, तुला खोकी उचलता आली नसती."

"नसतीच." तो हसला नाही. "मी सांगायला उशीर केला. मला सगळ्यालाच उशीर होतो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तुझ्याशिवाय बुधवार... मला नको आहे तो."

मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. माझे पायही दुखत होते. मी सांगितलं की फेब्रुवारीत मी दमले म्हणून हो म्हटलं होतं, आणि तेव्हा इथे थांबावं असं काही नव्हतं. आता आहे, हेही सांगितलं. अगदी असंच, सरळ.

त्याने बादलीतून पाय बाहेर काढले. मग ओल्या पायांनी आत गेला आणि दोन वस्तू घेऊन आला: त्याचा पोस्टमनचा कोट आणि तो बिल्ला.

"हा शिवून दे," तो म्हणाला. "आतल्या बाजूने, डावीकडे."

"डोकं फिरलंय का? परत शिवला की त्याला कुणी विचारणार नाही. तूच शिकवलंस."

"मी कुठे विकतोय?"

"नवा धागा दिव्याखाली चमकेल. कुणालाही कळेल की मागाहून शिवलाय."

"कळू दे. म्हणावं, मागाहून कुणीतरी आलं होतं." त्याने कोट माझ्या मांडीवर ठेवला. "किती वेळ लागेल?"

चार बाजू. वीस मिनिटांचं काम. मी कोट उलटा केला, अस्तर चाचपलं आणि म्हणाले, "मी फार दमलेय, नेव्हिल. खूप वेळ लागेल."

मॅरियनला फोन केला तेव्हा तिने फक्त विचारलं, पोस्टमनच ना? दुकानाचा करार मी पुन्हा केला. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तो कोट आमच्या दाराआड अडकवलेला असतो. बिल्ल्याच्या तीन बाजू शिवून झाल्यात. चौथीचं नेव्हिल अधूनमधून विचारतो, आणि मी म्हणते, आज नको, आज दमलेय.