शेवटचं कोण?

"शेवटचं कोण?" गेनरनं दारातूनच विचारलं.

दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावरच्या बेनितालच्या सरकारी दवाखान्यात रांग म्हणून नसते. माणसं बाकावर, कट्ट्यावर, कुंडीशेजारी वाट्टेल तशी बसलेली असतात. आल्या आल्या एवढंच विचारायचं, जो हात वर करील त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि तो खिडकीवरून हलला की आपण पुढं व्हायचं. त्यामुळे आपल्या पुढच्या माणसावर नजर ठेवणं याला इथं कुणी आगाऊपणा म्हणत नाही.

त्या मंगळवारी कोपऱ्यातून एक लांबलचक हात वर झाला. हाताचा मालक पांढऱ्या मिश्यांचा, उन्हानं रापलेला... आणि फेब्रुवारीतल्या कोवळ्या उन्हातही त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी," तो गेनरच्याच देशाच्या बोलीत म्हणाला. "पण माझ्यामागं राहू नका. कंटाळाल."

"कंटाळायलाच तर आले इथं. वेल्सला पावसात कंटाळायचे, आता उन्हात कंटाळते."

तो हसला. "मी ट्रेव्हर. ग्रिम्सबी बंदराचा. सारा जन्म माशांचा ट्रक चालवला. अजून मांजरं मागं लागतात."

"मांजरंच ना?" गेनर म्हणून गेली आणि स्वतःच दचकली. वय सदुसष्ट, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि जिभेला हे काय सुचतंय!

तेवढ्यात खिडकीमागं बसणाऱ्या एन्कार्नानं हाक दिली, "पुढचं कोण?" ट्रेव्हर उठला. खिडकीकडे बघितलं... आणि बाजूला झाला.

"तुम्ही व्हा पुढं."

"अहो, नंबर तुमचा आहे."

"बाईमाणूस उभं असताना मी आधी गेलो, तर आई वरून सपाता फेकून मारेल."

नवरा, रे, गेल्यापासून गेनरच्या काळजाचे ठोके मागेपुढे पडत. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू होती आणि तिचं माप ठरवायला दर मंगळवारी बोट टोचून घ्यावं लागे. त्या दिवशी टोचल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही मंगळवारी तेच. तो आधी आलेला असायचा, हात वर करायचा आणि वेळ आली की बाजूला व्हायचा. ती बाहेर येईपर्यंत समोरच्या टपरीवर कॉफी आणि टोमॅटो चोळलेला पाव मागवून ठेवायचा. एकदा त्यानं बशीत बदामाच्या फुलांची डहाळीही ठेवली होती.

एन्कार्ना चिडवायची. "तुझा तो उंच उंट टपरीवर गेला वाटतं?"

"माझा कुठला?"

"मग ओठ कुणासाठी रंगवलेस? माझ्यासाठी?"

गेनर लाजली. या वयात लाजता येतं हे तिला नव्यानंच कळत होतं.

"दुखतं?" त्या दिवशी टपरीवर ट्रेव्हरनं तिचं टोचलेलं बोट अलगद धरलं होतं.

"सोडलंत तर दुखेल."

"मग नाही सोडत."

पण त्यानं सोडलं. त्याचा हात चटकन स्वतःच्या छातीवर गेला. मग चष्मा शोधत असल्यासारखा खिसे चाचपू लागला.

"काय होतंय?"

"काही नाही. जळजळ. या लोकांना लसूण घालताना हात आवरत नाही."

रेसुद्धा जळजळच म्हणाला होता... अगदी याच सुरात. परत नको, तिला वाटलं. जीव लावायचा आणि मग बसून त्याच्या श्वासाकडे कान द्यायचा, हे परत नको. घरी जाताना तिनं ठरवलं, पुढच्या मंगळवारी उशिरानं जायचं. मग तो मंगळवार आला आणि ती दवाखाना उघडायच्या आधीच दारात उभी. ट्रेव्हर तिच्याही आधी आलेला.

त्याचा चेहरा राखेसारखा होता. मिश्यांखाली हसू होतं, पण ते ओढूनताणून आणलेलं.

"पुढचं कोण?"

ट्रेव्हर उठला. 'तुम्ही व्हा' म्हणाला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. सरळ दाराबाहेर गेला. बाकावरच्या सगळ्या माना गेनरकडे वळल्या, कारण त्याच्यामागे तिचाच नंबर. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस आजवर एकदाही त्या खिडकीपर्यंत गेलेलाच नाही.

"माझ्या पुढचा गेला," ती एवढंच म्हणाली आणि त्याच्यामागे धावली.

तो बदामाच्या झाडाखाली, गडग्यावर वाकून बसला होता. वाऱ्यानं फुलांच्या पाकळ्या त्याच्या खांद्यावर पडत होत्या आणि त्या झटकण्याचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"खिडकीपर्यंत का जात नाहीस?"

"काय सांगू तिला?" तो खाली बघत म्हणाला. "आठ वर्षं राहतोय, पण इथं नाव कुठंच घातलं नाही. कागदोपत्री मी बहिणीच्या घरी, ग्रिम्सबीला. दर उन्हाळ्यात जायचं, जुन्या डॉक्टरकडून छातीच्या गोळ्या घ्यायच्या, पिशवी भरून परत. आता बहीण गेली, घर विकलं, डॉक्टरनं माझं नाव काढलं. गोळ्या संपल्या. तेलही गेलं, तूपही गेलं..."

"पण आधीच इथं नाव का नाही घातलंस?"

"इथलं धरलं की तिथलं सुटतं, म्हणाले. आणि इथल्यांनी हात दिला नाही तर? खिडकीतली म्हणाली, तू आमचा नाहीस, जा परत... गेनर, त्या थंडीत आता माझं कुणी नाही गं."

या किनाऱ्यावरचे निम्मे म्हातारे असेच दोन डगरींवर हात ठेवून जगतात, हे गेनरला ठाऊक होतं. तरी तिचे डोळे भरून आले, आणि त्यात राग होता.

"म्हणजे मला पुढं करत होतास ते... माझ्यासाठी नव्हतंच."

"पहिल्या मंगळवारी नव्हतं." तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "दुसऱ्या मंगळवारपासून मी खिडकीसाठी येतच नव्हतो."

एरवी ती हे ऐकून दिवसभर हसली असती. आता तिनं त्याचा खांदा घट्ट धरला.

"ट्रेव्हर, मला भीती वाटतेय. रे जळजळ म्हणाला, मी त्याला सोड्याचं पाणी दिलं आणि चादरी वाळत घालायला गेले. आले तर तो गेलेला होता. मी पुन्हा चादरी वाळत घालायला जाणार नाही. ऊठ."

"पण कागद..."

"आधी छाती बघतील, कागद मग. जन्मभर कष्ट केलेस, पेन्शन मिळते ना? मग इथल्या औषधपाण्याचा भार आपला देश उचलतो. माझाही तोच उचलतो. फक्त मागावं लागतं. तू उशीर केलास, चार खेपा घालाव्या लागतील, बोलणी खावी लागतील. मी येईन बरोबर."

"आणि परत पाठवलं तर?"

"तर ग्रिम्सबीला थंडी किती पडते, ते मीही बघीन."

मग त्यानं हात पुढं केला आणि तिनं त्याला उठवलं.

आत गर्दी वाढली होती. नंबर सोडून गेलेल्यांनी पुन्हा शेवटी बसायचं, असा इथला रिवाज. पण गेनरच्या मागे नंबर असलेली काळ्या शालीतली आजी जागची हलली नव्हती. तिनं काठीनंच दाखवलं, "हा. मग ही. मग मी."

"पुढचं कोण?"

"मी," ट्रेव्हर म्हणाला.

एन्कार्नानं त्याचा चेहरा बघितला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही; डॉक्टरांना हाक मारत ती खिडकीमागून बाहेरच आली. मग त्याच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी सरसरली. भिंतीला टेकून गेनर वाट बघत राहिली. आठवत होत्या त्या सगळ्या प्रार्थना संपल्या, तेव्हा दार उघडलं.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. आत्ताच."

रुग्णवाहिकेच्या दाराशी कर्मचाऱ्यानं तिला अडवलं. "आत एकालाच घेता येतं, तेही घरच्या माणसाला. तुम्ही यांच्या कोण?"

स्ट्रेचरवरून तो लांब हात तिचं बोट शोधत होता. गेनरला बायको म्हणवेना, मैत्रीण म्हणवेना.

"याच्यामागं माझा नंबर आहे," ती म्हणाली.

कर्मचारी इथल्याच गावचा होता. मग त्यानं बाजूला सरून तिला चढायला हात दिला.