मास्तरांची मिशी

खरं तर मी भांडायलाच गेले होते. वर्गात शिरले, तर गणिताचे मास्तर पाठमोरे फळा पुसत होते. ते वळले आणि... बाई गं, ही एवढी मिशी! मला हसूच फुटलं.

"मी बटणची मावशी," मी कसंबसं म्हटलं.

बटणला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. साध्या शाळेत तिला घेतलं ते एका महिन्याच्या बोलीवर. बाकी सगळं तिला जमत होतं, मैत्रिणीही झाल्या होत्या. तोंडी गणितात मात्र रोज भोपळा. चाचणीत नापास झाली, तर दूरच्या वसतिशाळेत पाठवणार होते. आठ वर्षांची पोर! माझ्या ताईचं अन्नपाणी सुटलं होतं.

"मी सावकाश बोलतो. तिच्याकडे तोंड करून बोलतो," मास्तर कळवळून म्हणाले. "अजून काय करू?"

"ओठ दाखवा."

"अं?"

"तुमचे ओठ आजवर कुणी पाहिलेत तरी का?"

ते कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला... पाहायचेत?"

"मला नाही हो! बटणला!"

"कॉलेजपासून जपलीय ही मिशी—"

"मग बसा जपत!" मी तरातरा निघून आले. रात्रभर स्वतःवरच चिडत होते.

दुसऱ्या दिवशी बटणला सोडायला गेले, तर दारात एक अनोळखी, देखणा माणूस.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

"अहो, मीच तो!"

पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. बटण मात्र मास्तरांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. आणि मी? मीही बघतच होते की...

चाचणीत तिला वीसपैकी अठरा मिळाले. मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू दे हिला इथेच." मी जिन्यावरच मटकन बसले आणि रडले. महिनाभराचं ओझं उतरलं होतं.

मास्तर खालच्या पायरीवर बसले. "म्हणजे आता तुम्ही भांडायला येणार नाही?"

"कशाला येऊ?"

"या ना... मला..." ते अगदी हळू बोलले, मलाच जेमतेम ऐकू आलं, "मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

वर्गाच्या दारातून बटण खच्चून ओरडली, "मावशी, हो म्हण ना!"

अख्खी शाळा बाहेर आली. काय करणार? म्हटलं हो.