पाण्याचे मोजू नका

घोड्याला पोहायला कोणी शिकवत नाही. वासरू, कुत्र्याचं पिल्लू, उंदीर, कोणालाही पाण्यात सोडा, पाय मारत काठाला येतं. शिकवणी लावावी लागते ती फक्त माणसाला. मी स्वतः चार उन्हाळे शिकवणी लावून कशीबशी तरंगायला लागले, आणि घोड्यांना पोहायला लावणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी जनावरांची डॉक्टर. शर्यतीच्या घोड्याच्या पायाची शीर दुखावली की त्याला पळवता येत नाही, पण छातीची ताकद तर टिकवायची असते. मग त्याला पाण्यात उतरवतात. पाण्यात पायावर भार येत नाही.

आमच्या तबेल्यामागचा तलाव बांगडीसारखा गोल आहे. मधे सिमेंटचा ओटा, त्यावर जायला उंचावरून फळ्यांचा पूल, भोवती साडेतीन मीटर खोल पाणी, वर पत्र्याचं छप्पर, आणि एका बाजूला घोडा आत-बाहेर नेण्यासाठी खरबरीत उतार. घोड्याच्या तोंडाला दोन दोर बांधतात. एक धरून एक जण ओट्यावर चालतो, दुसरा धरून एक जण बाहेरच्या काठावर, आणि दोघांच्या मधे घोडा पोहतो. एक फेरी साधारण मिनिटाची. मी उताराजवळ उभी राहून श्वास मोजते. पोहणारा घोडा श्वास छातीत दाबून धरतो आणि मग नाकपुड्यांतून जोरात सोडतो, फुर्रऽ असा. डोळे मिटूनसुद्धा मोजता येतात. थकलेल्या घोड्याचे जास्त भरतात, ताकद आली की कमी होतात.

बाहेरचा दोर बावीस वर्षं एकाच माणसाकडे आहे. सगळे त्यांना खलाशीकाका म्हणतात, कारण त्यांना अजिबात पोहता येत नाही. "बावीस वर्षं काठाने चालतोय, एकदा पाऊल भिजलं नाही," हे ते छाती काढून सांगतात. आतला दोर दादाकडे. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, तबेल्यातल्या घोड्यांना शर्यतीसाठी तयार करणारा.

आणि तांबडी ही दादाची घोडी. कागदावर ती मालकाची होती, पण तिची आई विताना गेली तेव्हा दादाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली. दीड महिना तो तिच्या ठाणातच झोपायचा. वहिनी म्हणायची, "सवत आणायची होती तर दोन पायांची तरी आणायची!" त्या तांबडीच्या पुढच्या पायाची शीर वर्षभरात दुसऱ्यांदा फाटली. मालकाने सहा आठवडे दिले. तोवर घोडी तंदुरुस्त असल्याचा दाखला द्यायचा, नाहीतर तिला इंजेक्शन देऊन संपवायचं. दोन्ही कागदांवर सही माझीच लागणार होती. इंजेक्शनही मीच देणार होते. दादाने मला एका शब्दाने गळ घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, मी त्याच्याशी भांडले तरी असते.

पहिल्या दिवशी तांबडीचे फेरीला चोवीस श्वास भरले. आठवडाभर तेच. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी वहीत चोवीस लिहिलं, तर खलाशीकाका दोर गुंडाळत म्हणाले, "वीस."

"काका, कान तपासून घ्या एकदा."

"कान ठीक आहेत माझे, ताई. तुम्ही पाण्याचे पण मोजताय." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्याचे मोजू नका. घोडीचेच मोजा."

मला हसू आलं. पाणी गाळायचा पंप मधूनमधून असाच फुरफुरतो. दुसऱ्या दिवशी मी पंप बंद करायला लावला आणि तांबडीच्या नाकपुड्यांवरची नजर हलवली नाही. नाकपुड्या फुलल्या तेवढेच मोजले. एकोणीस झाले. पण कानांनी चोवीस ऐकले होते.

वरचे पाच तिच्या मागून येत होते. घोडीच्या शेपटीमागे घोडाभर अंतर सोडून. तिथे नुसतं पाणी होतं, तिच्या पोहण्याने हललेलं.

पत्र्यावरून आवाज परत येत असेल म्हणून मी लगेच तबेल्यातला पांढरा घोडा पाण्यात उतरवायला लावला. त्याचे माझे सत्तावीस, काकांचेही सत्तावीस. पत्रा तोच, पाणी तेच, कान तेच.

मी वहीत दोन रकाने पाडले. एकात घोडीचे, दुसऱ्यात ते दुसरे. एकोणीस आणि पाच. चार दिवसांनी सोळा आणि आठ. पुढच्या आठवड्यात अकरा आणि तेरा. बेरीज दर वेळी चोवीस. मी विज्ञान शिकलेली बाई, आकड्यांना घाबरायचं वय कधीच गेलं, पण त्या दिवशी वही मिटण्याआधी मी ती बेरीज तीनदा करून पाहिली. दादाला मी काही सांगितलं नाही. तो फक्त पहिला रकाना बघायचा आणि खूश व्हायचा. घोडी सुधारत होती, हे खरंच होतं. पायाची सूज उतरली होती, शीर दाबली तरी ती पाय ओढून घेत नव्हती. औषध लागू पडतंय म्हटल्यावर बाटलीवरची चिठ्ठी कोण वाचत बसतो?

खलाशीकाकांची एक सवय मी तोवर कधी नीट पाहिली नव्हती. फेऱ्या संपल्या की घोडीचे पुढचे दोन पाय उताराला टेकताच ते तिला थांबवायचे. मागचं अर्धं अंग पाण्यात, पुढचं बाहेर. तशीच ती उभी राहायची, कधी दोन मिनिटं, कधी पाच. मग मान खाली घालून एक भलामोठा श्वास सोडायची आणि काका म्हणायचे, "चला, बाई."

"हे कशासाठी, काका?" मी विचारलं.

"मला शाळा नाही, ताई. माझ्या आधी दोर धरणारा असंच करायचा, म्हणून मी करतो."

"आणि तिने श्वास सोडलाच नाही तर?"

त्यांनी दोराचं वेटोळं खुंटीला अडकवलं, सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. "माझ्या हातून अजून तसं झालं नाही," ते म्हणाले.

सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या सकाळी दहा फेऱ्यांची परीक्षा होती. मालकाने दाखल्याचा छापील कागद आदल्या दिवशीच पाठवला होता. साडेसहाला खलाशीकाकांचा फोन आला. ते बसमध्ये होते. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या आणि जावई परगावी.

"बाहेरचा दोर तुम्हीच धरा, ताई. आणि उतारावर थांबा."

"थांबते, काका. तुम्ही निवांत जा."

"माझ्यासाठी थांबा," ते म्हणाले, आणि फोन कट झाला.

हवेत गारठा होता, पाण्यावर पातळ धुकं. मी बाहेरचा दोर धरला, दादाने आतला. तांबडी एकदाही न अडता पाण्यात उतरली. मान वर, कान पुढे, खांदे पाण्याखाली लयीत चाललेले. इतकं सुंदर पोहताना मी कोणालाही पाहिलं नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही.

पाचव्या फेरीला सहा आणि अठरा.

आठव्या फेरीला तीन आणि एकवीस. आता तो आवाज तिच्या मागून येत नव्हता. तो माझ्या बाजूने, काठाला लागून, माझ्या चालीने चालला होता. मी पाण्याकडे बघितलं नाही. चपला भिजत होत्या.

"नऊ!" दादा ओट्यावरून ओरडला. पोराच्या निकालाला आलेल्या बापासारखा त्याचा आवाज कापत होता.

दहाव्या फेरीत तांबडीच्या नाकपुड्या एकदाही फुलल्या नाहीत.

मी चोवीस मोजले.

तिचे पुढचे पाय उताराला लागले. मी दोर आवळला. "दादा, थांब."

"का?"

"दम घेऊ दे तिला."

"दम लागलाय कुठे तिला? बघ तरी!" तो हसत होता आणि डोळे भरून आले होते. "डॉक्टरीणबाई, आता तरी नाट लावू नकोस. सोड!"

मला लाज वाटली. बावीस वर्षांत पाऊल न भिजलेल्या एका म्हाताऱ्याच्या समजुतीपायी मी भावाचा आनंद अडवून धरला होता.

मी दोर सैल सोडला.

तांबडी चार ढांगांत वर आली. दादाने तिला वाळूवर दुडकी धरायला लावली, उजवीकडून, डावीकडून. पाय एकदम साफ पडत होता. मी दोनदा बघितलं, मग पायावरून हात फिरवला. कुठे ऊब नाही, गाठ नाही. छातीला नळी लावली. ठोके संथ, दमदार, एकही चुकत नव्हता.

मग मी नळी फासळ्यांवर नेली.

फासळ्या हलत नव्हत्या. मी तळहात तिच्या नाकपुड्यांसमोर धरला. नाक ओलं आणि मऊ होतं. हाताला काही लागलं नाही. मी वाट बघितली. मनगटावरचा काटा एक पूर्ण फेरी फिरून आला, दुसरी फिरून आला. तांबडीने दादाच्या हातातलं गवत घेतलं, सावकाश चावलं, गिळलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"धाप म्हणून नाही, बघ," दादा म्हणाला. त्याने तिच्या मानेवर कपाळ टेकलं होतं. "दहा फेऱ्या मारून आली माझी बाई."

"हो," मी म्हटलं.

दाखला मांडीवर घेतला. पुढचा उजवा पाय: निर्दोष. हृदयाचे ठोके: नियमित. चाल: साफ. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. पुढचा रकाना होता, विश्रांतीच्या वेळचे श्वास, दर मिनिटाला. तिथे पेन अडलं. शून्य लिहिलं तर दुसरा कागद, इंजेक्शनचा. काही नाही लिहिलं तरी दुसरा कागद. दादा तिचं अंग कोरड्या पोत्याने पुसत होता आणि लहानपणीचं काहीतरी गुणगुणत होता.

"घड्याळाला नीट उजेड मिळत नाही इथे," मी म्हटलं, आणि उठून तलावाकडे गेले.

पाणी स्थिर झालं होतं. मी उतारावर बसले. थोड्या वेळाने ते सुरू झालं, अगदी उताराच्या पायथ्याशी. आता घाई नव्हती, जोर नव्हता. मोठ्या दमाने पोहून आलेलं जनावर शांत होत जातं, तसं.

मी सेकंदकाटा बाराला येईपर्यंत थांबले आणि मोजायला लागले.

मिनिटाला बारा भरले. निरोगी घोड्याचे तेवढेच असतात.

मी रकान्यात बारा लिहिलं आणि खाली सही केली.