एका खुर्चीची बैठक

त्याचा चेहरा दिसण्याआधी मला त्याचे पाय दिसले, आणि पायांच्याही आधी ऐकू आला त्याचा आवाज.

आलापल्लीच्या बाजारामागे वारलूभाऊंचा सुतारकामाचा मांडव आहे. फाल्गुनातली दुपार होती. पाने झडून उघडे पडलेले सागवान, आणि त्या उघडेपणातून थेट आत शिरणारा मोहफुलांचा गोड, जड वास. हातातला कागद मी वारलूभाऊंपुढे धरला होता आणि समजावत होते, की स्पीकरचे दोन खोके करायचे आहेत. आतले सुटे भाग पार्सलने येतील, जोडणी घरीच होईल. फक्त तीन नमुन्यांतला कोणता मागवायचा ते ठरायचे आहे.

"कोनत्या खोलीत ठेवाचं हाय थे?"

प्रश्न वारलूभाऊंचा नव्हता. कोपऱ्यात नाटक कंपनीच्या स्पीकरचा माणसाएवढा एक काळा खोका आडवा पडला होता; प्रश्न त्याच्या पोटातून आला होता. बाहेर फक्त दोन पाय.

"तुम्ही कोन?" मी विचारले.

"खोक्यातलं भूत. खोलीचं सांगा."

"भूतं खोलीचं माप नाई पुसत."

मग तो सरपटत बाहेर आला. केसांत भुसा, कानावर अडकवलेला पेचकस, आणि ओठांवर असे हसू, जे आपल्याला पाहिल्यावर किंचित अडखळले... निदान मला तसे वाटले. माणूस सरळ पाहत होता. आमच्या गावात मुलींकडे इतके सरळ कोणी पाहत नाही. एकतर चोरून पाहतात, नाहीतर पाहतच नाहीत.

"हा प्रफुल," वारलूभाऊ म्हणाले. "ब्रह्मपुरीकडला. नाटकाचा साऊंड सांभाळते. अन् हे ज्योत्स्ना, आपल्या आदेशची बहीण. कॉलेजच्या लायब्ररीत हाय. वैशाखात लगन हाय हिचं, नागपूरले."

त्या शेवटच्या वाक्यावर प्रफुलने नजर माझ्यावरून कागदावर नेली.

माघात माझे साक्षगंध झाले होते, बोटात अंगठी आली होती. सुनिल नागपूरला इंजिनिअर. शांत, नीटनेटका, फोनवर कधीही आवाज न चढवणारा. त्याला काही नको होते. फक्त नव्या घराच्या बैठकीसाठी स्वतः जोडायचे स्पीकर, हा त्याचा छंद. त्याने तीन नमुन्यांची चित्रे पाठवून लिहिले होते, "तूच निवड." माझ्या भावाने, आदेशदादाने, हे ऐकले आणि जाहीर केले, की स्पीकर आंदणात आपण देऊ, आणि खोके सागवानाचेच असतील. आलापल्लीची मुलगी सासरी निघाली आणि सोबत सागवान नाही, असे आमच्याकडे अजून घडलेले नाही.

"हा उंच, तीन तोंडाचा," चित्रावर बोट ठेवत प्रफुल सांगू लागला. "दणका देईन. शेजारी भांडाले येतीन. हा दुसरा एकाच तोंडाचा. गोड हाय, पन लाजरा. समोर बसलेल्याशीच बोलते. अन् हा लहान, दोन तोंडाचा. आत एक पट्टी असते. जाड आवाज खाली धाडते, बारीक वर. वाटणी करते."

"वाटणी?"

"भावाभावाची होत नाई एवढी नीट."

मला हसू आले. "तुम्ही तर दोन हजार लोकाईले ऐकवता. तुमाले लहान खोलीतलं काय समजते?"

"दोन हजारांतल्या मागच्या ओळीत कोनीतरी एकटंच बसलं असते," तो म्हणाला. "मी त्याच्यासाठीच बटन फिरवतो."

मी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"अन् सागवान नका घेऊ," त्याने पुढे जोडले.

वारलूभाऊंचा रंधा थांबला. "आलापल्लीत बसून सागवान नाई म्हनतो?"

"भाऊ, सागवान राजा हाय. पन राजाले गप बसता नाई येत. खोक्यानं गप राहाले पाह्यजे, स्पीकरनं बोलाले पाह्यजे. जाड प्लायवूड घ्या." मग माझ्याकडे वळून, "अन् खोली पाह्यल्याशिवाय काई निवडू नका."

"लोक खोली न पाह्यता नवरा निवडतात," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर मलाच ते ऐकू आले. तो हसला, पण उशिरा.

कंपनीचे खोके दुरुस्त व्हायला आठ दिवस लागणार होते. त्या आठांपैकी पाच दुपारी मी मांडवात गेले. कारणे होती: एकदा प्लायवूडची जाडी विचारायची होती, एकदा तार, एकदा... एकदा कारण घरीच विसरले होते. त्याने मला तारा जोडायचा डाग द्यायला शिकवले. तापलेले टोक, वितळणाऱ्या कथलाचा चंदेरी थेंब, धुराची एक बारीक रेघ. बोट भाजले तेव्हा तो फुंकर घालण्याइतका जवळ आला, आणि तिथेच थांबला. फुंकर त्याने घातली नाही. ती न घातलेली फुंकर मला रात्रभर बोटावर जाणवत राहिली.

खोलीचे माप मी सुनिलकडे मागितले होते. सहाव्या दिवशी त्याने नकाशाच पाठवला. सुरेख, मोजून काढलेला. मी तो मोबाईलवर उघडून प्रफुलपुढे धरला.

"वा," तो म्हणाला. "मानूस अभ्यासाचा हाय. हे दोन स्पीकर, भिंतीपासून दीड फूट. बरोबर. अन् हे समोर खुर्ची. हे कोनाची?"

"त्याची असन."

"अन् तुमची?"

मी नकाशा मोठा केला. खिडकी होती. पुस्तकांचे कपाट, पडदे, कुंडी, स्वयंपाकघराचे दार. प्रत्येकाला माप होते. खुर्ची एकच होती.

प्रफुल ओशाळला, जणू चूक त्याचीच. "नसन आली ध्यानात. कागदावर मानूस विसरते."

"कुंडी नाई विसरला," मी म्हणाले.

संध्याकाळी मी सुनिलला फोन केला.

"नकाशात खुर्ची एकच आहे."

"हो, स्टिरिओचं गणितच तसं असतं," तो उत्साहाने म्हणाला. "दोन स्पीकर आणि ऐकणारा, समभुज त्रिकोण. ती जागा एकाच माणसाची असते."

"मी कुठे बसायचं?"

"तू... तू आत असशील ना? येता-जाता ऐकू येईलच."

त्याच्या स्वरात दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर मी भांडले असते. हे त्याने योजलेले नव्हते. ते त्याला सुचलेच नव्हते, आणि उभे आयुष्य न सुचण्यासाठी त्याच्यापुढे मोकळे पडले होते.

"मी तो लहान, दोन तोंडांचा निवडला आहे," मी म्हणाले. "त्याचा आवाज खोलीभर पसरतो. कुठेही बसलं तरी चालतं."

"छान निवड आहे. पण उंचवाला मी कालच मागवला."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुला सहभागी वाटावं म्हणून."

खिडकीबाहेर सागाच्या निष्पर्ण फांद्या आकाशावर काळ्या शाईने काढल्यासारख्या स्थिर होत्या. मी त्यांच्याकडे पाहत त्याला सांगितले, की हे लग्न मी करणार नाही. हे सांगताना माझा आवाज कापला नाही, याचे मला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिले.

आदेशदादा घरभर फिरत राहिला. "एका खुर्चीसाठी साक्षगंध मोडते?"

"हो. एका खुर्चीसाठी."

"दुसरी आपन देऊ. सागवानाची देऊ."

"खुर्ची देता येते, दादा. मी थ्या खोलीत हाय, हे त्याच्या ध्यानात कसं आनून देशील?"

"लोकाईले काय सांगू मी?"

आई, गोकुळाबाई, जिला गाव मुकाट म्हणून ओळखते, सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुझ्या बापाच्या बैठकीत तीस वर्षं चहा नेऊन ठेवला मी," ती दादाला म्हणाली. "बसली कधी नाई. कोनी बस म्हनलंच नाई." मग सूप बाजूला सारून तिने माझ्यापुढे हात पसरला. "अंगठी काढ. मी नेऊन देईन नागपूरले. तू नको येऊस, आदेश. तू माफी मागत बसशील."

ती खरेच गेली. एकटी, पहाटेच्या एसटीने.

गावाला मात्र कारण हवे होते, आणि गावाने ते मांडवात शोधले. साऊंडवाल्यामुळे मोडलं. मी मांडवात जाणे थांबवले नाही. उलट तोच लहान नमुना स्वतःच्या नावाने, आमच्याच बैठकीसाठी मागवला, आणि पार्सल आले त्या दिवशी ते उघडपणे हातात धरून भर बाजारातून चालत नेले. वारलूभाऊंनी कपाळाला आठ्या घालून प्लायवूड कापले होते. प्रफुल सामान बांधत होता.

"आज जाता?" मी विचारले.

"उद्या. आठ दिवसाचं काम होतं, पंधरा दिवस लावले मी." तो थांबला. "लोक काय म्हनून राह्यले, माहीत हाय ना? मी गेलो का बोलनं बंद होईन."

"तुमच्यामुळं नाई मोडलं. माझ्यामुळं मोडलं. त्याचं श्रेय मी कोनाले देनार नाई. बसा, वाटणीची पट्टी जोडाची हाय."

तो बसला. मी तार धरली, त्याने डाग दिला. आमची डोकी इतकी जवळ होती, की धुराची रेघ दोघांमधून जायला जागा शोधत होती.

"तुमच्या घरी सातबारा हाय," तो हळूच म्हणाला, जणू तारेला सांगत होता. "माझा बाप वैनगंगेत जाळं टाकते. पिढ्यांपासून. पाण्यातली मानसं आमी..."

"मले पोहता येते," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. ते सरळ पाहणे पुन्हा. पण या वेळी नजर वळवायला कागद नव्हता. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या बोटांवर किती तरी जुने चटके होते, खरखरीत, आणि त्या खरखरीखाली नाडी धावत होती.

तेवढ्यात मांडवासमोर मोटरसायकल थांबली. आदेशदादा. प्रफुलचा हात सुटण्यासाठी हलला. मी तो सोडला नाही. वारलूभाऊंनी रंधा खाली ठेवला आणि खांबाला टांगलेल्या करवतींकडे बघत राहिले.

दादाने आमच्या हातांकडे पाहिले. "काय चालू हाय हे?"

आयुष्यात काही वाक्ये आपण जुळवत बसतो आणि ती कधीच पूर्ण होत नाहीत. हे मी जुळवले नव्हते.

"स्पीकर जोडून राह्यलो आम्ही," मी म्हणाले. "अन् दादा, हे प्रफुल. यांच्याशी मी लगन करनार हाय. वैशाखात नाई, आमाले वाटन तवा. तुले यायचं तर ये."

मोहाचे एक फूल छपरावर टपकन पडले. दादाचा संताप मला ओळखता येतो. तो आधी कानांत चढतो. पण त्याने मला काही म्हटले नाही. त्याने प्रफुलकडे पाहिले.

"काऊन रे? खरं हाय हे?"

प्रफुलच्या बोटांनी माझी बोटे घट्ट धरली.

"मले बी आत्ताच समजलं, भाऊ," तो म्हणाला. "पन खरं हाय."